रूटचा पासवर्ड सगळ्यांना? मुळीच नको

लिनक्स सर्व्हरवर रूट म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, आणि सुडो म्हणजे आपल्याच खात्यातून ते अधिकार त्या-त्या कमांडपुरते वापरू देणारा प्रोग्रॅम. इंदूरच्या मराठी आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय : 'सर्व्हर सांभाळणारे तीन-चार जण असले की रूटचा एकच पासवर्ड सगळ्यांना द्या. रात्री-अपरात्री काम अडत नाही. सुडोनं शेवटी मिळतं तेच, शिवाय २०२१ मध्ये सुडोतच भोक सापडलं होतं. टीमवर विश्वास ठेवा.' इथल्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत नव्यानं लागलेली मुलं हे खरं मानतात, म्हणून लिहितेय.

काम सुडोनंही अडत नाही. प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळी एसएसएच की (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची डिजिटल किल्ली), आणि नाव व्हील किंवा सुडो ग्रुपमध्ये, म्हणजे सुडो वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत. रात्री दोन वाजता तो स्वतःचाच पासवर्ड टाकतो. एक जण नोकरी सोडून गेला, की त्याचं खातं आणि की काढायची. बाकीच्यांना काही कळवावं लागत नाही. सामायिक पासवर्ड मात्र प्रत्येक मशीनवर बदलायचा आणि नवा पुन्हा सगळ्यांना सांगायचा. तो सांगितला जातो व्हॉट्सॲपवर!

'मिळतं तेच' हे सर्वांत दिशाभूल करणारं. उबुंटू या लिनक्सच्या ऑथ लॉगमध्ये, म्हणजे कोण शिरलं आणि कोणी अधिकार वापरले याच्या नोंदवहीत, सुडोची एक ओळ उघडून बघा : कोणत्या खात्यानं, कोणत्या टर्मिनलवरून, कोणत्या फोल्डरमधून, कोणती कमांड चालवली, सगळं तिथे असतं. सगळेच रूट म्हणून शिरले, तर डेटाबेस उडाल्यावर चौघांवरही संशय. ज्यानं काही केलं नाही, त्याला ही नोंदच वाचवते. विश्वास असलेल्या टीमला तर ती हवीच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. त्यात नुसतं 'रूट' असेल तर चौकशीत काय दाखवणार? शिवाय सुडोत बॅकअपवाल्याला फक्त बॅकअपची कमांड देता येते. एक मर्यादा खरी आहे : सुडोनं रूटची शेल (एकामागून एक कमांड टाकायची जागा) उघडली की पुढच्या कमांड साध्या लॉगमध्ये येत नाहीत. म्हणून ती सवय मोडा, फाइल बदलायला सुडोचीच सुडोएडिट ही कमांड वापरा आणि लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. रूट मिळालेला माणूस त्याच मशीनवरचा लॉग पुसू शकतो.

सुडोतलं भोक खरंच होतं, आणि २०११ पासून होतं. पण ते जाहीर झालं त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही आली. अपडेट करा.

सुडोअर्सची फाइल (कोणाला कोणती कमांड, हे जिथे लिहितात ती) बिघडण्याची भीती असेल, तर ती व्हिसुडो या कमांडनंच उघडा. चूक असली तर तो जतन करण्याआधी अडवतो. रूटचा लांबलचक पासवर्ड बंद पाकिटात, कार्यालयाच्या तिजोरीत ठेवा, फक्त कन्सोलसाठी, म्हणजे थेट मशीनवरूनच शिरायची वेळ आली तर. एसएसएचवरून रूट बंद. पाकीट फोडलं की कोणी आणि कशासाठी ते लिहायचं, आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा.