आधी चाकांची, मग आमची

वाळूत शिरण्याआधी गाडीच्या चाकांतली हवा काढतात आणि शिरल्यावर प्रवाशांची. पहिल्या कामाला पाचेक मिनिटं लागतात. दुसरं पहिल्याच उतारावर उरकतं.

दुबईला गेलेल्या माणसाला डेझर्ट सफारी चुकवता येत नाही. उंच इमारत खालूनच बघितली तरी भागतं, मॉलमध्ये नुसतं गारव्याला बसलात तरी कोणी उठवत नाही. पण सफारी केली नाही म्हटलं की समोरचा तुमच्याकडे काशीला जाऊन गंगेत न उतरलेल्या इसमाकडे बघावं तसा बघतो. आमचे साडू तिथेच नोकरीला. त्यामुळे बुकिंग झालंय हे आम्हाला कळलं तेव्हा गाडी इमारतीखाली उभी होती.

“वाळूचे कण रगडिता तेलही गळे म्हणतात ना, ते इथे खरं झालं,” लिफ्टमध्ये साडू म्हणाले. साडूंना प्रत्येक गोष्टीवर सुभाषित सुचतं. मी आदल्या रात्रीच वाचलं होतं, की दुबईला पहिलं तेल १९६६ साली सापडलं ते वाळूत नाही, समुद्राच्या तळाखाली. वाळूचे कण रगडून निघतात ते पर्यटकांचे पैसे. पण हे मी बोललो नाही. बुकिंगचे पैसे साडूंनी भरले होते.

गाडी सात आसनांची, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केलेला. गाडी उलटली तर टप आपल्या डोक्यावर येऊ नये म्हणून तो असतो. म्हणजे ती उलटू शकते, हे कोणी तोंडाने सांगायची गरज उरत नाही. “मला मागे जरा त्रास होतो,” असं म्हणत साडू पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मधल्या रांगेत बायको, मेहुणी आणि त्यांची दहा वर्षांची कन्या. तिसरी रांग रिकामी होती. जगातल्या सगळ्या तिसऱ्या रांगा भिडस्त माणसांसाठी बनवलेल्या असतात. मी मागे चढलो. माझ्या शेजारी वाटेतल्या एका हॉटेलातून घेतलेला परदेशी तरुण आला. आमची ओळख पुढे त्याच्या कोपराने करून दिली.

हट्टा नावाच्या गावाच्या रस्त्याला लागलं की तासाभरात लहबाबचं तांबडं वाळवंट येतं. ही वाळू तांबडी दिसते, कारण तिच्या कणांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. साध्या मराठीत, गंज. मावळतीच्या उन्हात तो गंज इतका देखणा दिसतो की लोक कोट्यवधींच्या गाड्यांतून त्याचे फोटो काढायला येतात. आमच्याकडे गंज दिसला की रंगाऱ्याला बोलावतात.

डांबर संपलं, गाडी थांबली आणि ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, “किसी को हार्ट प्रॉब्लेम? बॅक प्रॉब्लेम? कोई प्रेग्नंट?” हे प्रश्न विचारायची जागा घरच्या सोफ्यावर असते. आजूबाजूला वाळूखेरीज काही नसताना आणि उतरल्यास बसायला दगडही नसताना त्यांना एकच उत्तर देता येतं.

“अहो, तुमची कंबर...” बायकोने सुरुवात केली.

“उत्तम आहे,” मी म्हणालो. भाची वळून माझ्याकडे बघत होती.

मग हवा काढण्याचा कार्यक्रम झाला. डांबरी रस्त्यावर पस्तीस पीएसआयच्या आसपास असलेला दाब पंधरा-अठरावर आणतात. टायर बसका होतो, वाळूवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वरच्यावर राहतं. ज्यांनी ही युक्ती प्रत्यक्ष वाळूत घासूनपुसून पक्की केली, त्यांत राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी होता. १९२० आणि ३०च्या दशकांत तो साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडायचा आणि वाळू कशी वाहते, कशी साचते, यावर त्याने १९४१ साली ग्रंथही लिहिला. यातली बरीचशी भटकंती तो रजेवर असताना हौसेने करायचा. रजेत असले उद्योग करणारी माणसं जगात नसती, तर मी आता साडूंच्या बाल्कनीत चहा पीत असतो.

वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. वारा ज्या बाजूने येतो ती सौम्य, चढायला सोपी. पलीकडची बाजू म्हणजे वाऱ्याने टाकून दिलेल्या वाळूची घसरण. कोरडी वाळू साधारण चौतीस अंशांपेक्षा जास्त तिरकी उभी राहत नाही, त्याआधीच ती घसरते. चौतीस हा आकडा कंपासपेटीतल्या कोनमापकावर अगदी गरीब दिसतो. गाडीच्या काचेतून तो नव्वद असतो. शिवाय चढताना समोर फक्त आभाळ दिसतं. माथ्यावर गाडी क्षणभर थबकते, नाक खाली करते आणि मग आभाळाच्या जागी वाळू येते. उतार सरळ उतरायचा असतो, आडवा घेतला तर गाडी कलंडते. उतरताना ब्रेक जोरात दाबायचा नसतो, चढताना मध्येच वेग सोडायचा नसतो. हे सगळं शास्त्र बरोबर आहे. पण शास्त्राला पोट नसतं.

तिसऱ्या रांगेचं भौतिकशास्त्र तर वेगळंच. ती मागच्या चाकांच्याही मागे असते. त्यामुळे पुढच्यांना जो हेलकावा वाटतो, तो आमच्यापर्यंत झोका होऊन पोचतो. पट्टा बांधलेला असूनही मी आणि तो परदेशी तरुण अधूनमधून आसन सोडून वर जात होतो आणि परत येताना एकमेकांच्या जागी येत होतो. गाणी एवढ्या मोठ्या आवाजात लावलेली की माझ्या ‘आई गं’ची लय गाण्यात बेमालूम मिसळली. भाची प्रत्येक उताराला “अजून जोरात, अंकल!” ओरडत होती. दहा वर्षांच्या मुलांना मत विचारू नये आणि त्यांनी आपणहून दिलं तर ड्रायव्हरने ऐकू नये, असा नियम या धंद्यात हवा.

मी डोळे मिटून घेतले.

“अहो, डोळे उघडा,” बायको पुढून म्हणाली. “पैसे दिलेत.”

तिचा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या अर्धा बरोबर होता, कारण मात्र वेगळं होतं. आतल्या कानात तोल सांभाळणारं यंत्र असतं. ते मेंदूला कळवतं, आपण हलतोय. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ असते आणि ती जागची हललेली नसते. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की मेंदू शिक्षा पोटाला देतो. म्हणून लांब क्षितिजाकडे बघा म्हणतात. तिसऱ्या रांगेतून क्षितिज दिसत नाही, साडूंचं टक्कल दिसतं.

यातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट अशी की ड्रायव्हरला काही होत नाही. गाडी तीच, उतार तोच, कानही तसलेच. पण पुढच्या क्षणी काय होणार हे त्याला आधीच माहीत असतं, कारण ते तोच करणार असतो. स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याला सहसा मळमळत नाही. आमचा ड्रायव्हर तर एका हाताने चक्र फिरवत दुसऱ्या हाताने साडूंना खजूर देत होता आणि साडू ते खात होते.

गाड्या एकामागून एक रांगेने जातात. प्रत्येकीवर उंच काठीला झेंडा लावलेला असतो, म्हणजे टेकडीपलीकडून येणाऱ्याला अलीकडून येणारा दिसावा. माथ्यावर थांबलेल्या गाडीतले लोक खाली गडगडत गेलेल्यांना बघून हसत होते. सुपातले हसतात ते इथे मुद्दाम थांबून, व्हिडिओ काढत हसतात.

आणि मग आमच्या पुढची गाडी माथ्यावर अडकली. पोट वाळूवर टेकलेलं, चारही चाकं नुसती फिरतायत. ड्रायव्हर “फस गया” म्हणाला आणि आम्हाला खाली उतरवलं. माझ्या मते संपूर्ण सफारीतला हा सर्वोत्तम भाग. जमीन हलत नव्हती. दोन-तीन ड्रायव्हर फावडी घेऊन गाडीखालची वाळू उपसत होते, एकाने पट्टा आणला, दुसऱ्याने तो आपल्या गाडीला लावला. कोणी कोणावर ओरडत नव्हतं, घाई नव्हती. अडकलेल्या ड्रायव्हरची चेष्टा मात्र निदान तीन भाषांत झाली. मी मनातल्या मनात पट्टा तुटावा अशी प्रार्थना केली. पट्टा चांगल्या प्रतीचा होता.

त्यानंतर क्वाड बाइक, म्हणजे चार चाकांची मोटरसायकल. ती पॅकेजमध्ये नसते हे तिथे गेल्यावर कळतं. दर ऐकून मी दिरहमाचा रुपयांशी गुणाकार करत होतो, तोवर बायको हेल्मेट घालून बसलीसुद्धा. स्कूटीखेरीज तिने आजवर काही चालवलं नव्हतं. मी मात्र अभ्यास करून आलो होतो. अशा वाहनांचे पूर्वी तीनचाकी अवतार होते, ते इतके उलटायचे की अमेरिकेत १९८८ साली उत्पादकांनी नवी तीनचाकी विकणं थांबवलं. चौथं चाक आलं तरी उलटण्याची शक्यता पार गेलेली नाही. वाचून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते दिसत असावं. शिकवणाऱ्या पोराने मला रांगेत सगळ्यांत शेवटी लावलं.

शिकवणी मिनिटभराची. उजव्या अंगठ्याने दाबला की वेग, सोडला की मंद. वळताना वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवायचं. यात मेख आहे. पुष्कळ क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडलेली असतात आणि एकाच गतीने फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण ते त्याला जमत नाही. म्हणून हँडल वळवूनही ती सरळच जायला बघते. तिला वळवायचं तर चालवणाऱ्याने बुड हलवावं लागतं. माझं शरीर भीती वाटली की संकटापासून लांब झुकतं. हे संकट मात्र जवळ जाऊन झुकण्याचं होतं.

एक कबूल करायला हवं, मळमळ थांबली. हँडल हातात आलं तसे कान आणि डोळे एकमताने बोलू लागले. त्यांचं एकमत असं होतं, की आपण मरणार. पोटातलं सगळं दुखणं अंगठ्यात उतरलं. जोरात दाबावं तर पुढच्यावर जाऊन आदळू, हळू दाबावं तर मऊ वाळूत चाकं बसतात. मी दोन्ही आळीपाळीने करत असल्यामुळे माझी बाइक उचकी लागल्यागत चालली होती. पुढे एका टेकडीवर बायको उभी राहून, हो, पायदानांवर उभी राहून, वळण घेताना दिसली. गाइड तिच्या पुढे होता, पण कोण कोणाला वाट दाखवतंय हे सांगणं अवघड होतं.

वेळ संपल्याची खूण झाली तेव्हा सगळ्यांत आधी इंजिन बंद करणारा मी आणि सगळ्यांत शेवटी खाली उतरणारी ती. “थोडं लांब असतं तर मजा आली असती,” गॉगल काढत ती म्हणाली. डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं सोडली तर ती सगळी तांबडी झाली होती.

कॅम्पवर उंट होता. उंट आधी मागचे पाय उचलतो, म्हणजे पाठीवरचा माणूस प्रथम पुढे कोसळायला लागतो आणि सावरून मागे रेलतो तोच पुढचे पाय उठतात. दिवसभरात जे झालं त्याची एका मिनिटातली उजळणी. इथल्या उंटांच्या शर्यतींत एके काळी लहान मुलांना जॉकी म्हणून बसवायचे. २००५च्या सुमाराला ते बंद झालं आणि त्यांच्या जागी दूरवरून चालवायचे छोटे यंत्रमानव आले. या देशात यांत्रिकीकरणाचा इतका चांगला उपयोग दुसरा कुठे झाला असेल असं वाटत नाही. कॅम्पवरच्या उंटाला मात्र अजून आम्हीच लागतो. ससाण्याबरोबर फोटोचीही सोय होती. तो डोळ्यांवर टोपी घालून शांत बसला होता. या देशात ससाण्यांना स्वतःचा पासपोर्ट असतो आणि ते विमानात माणसांबरोबर बसून प्रवास करतात. तिसऱ्या रांगेत नसावेत.

जेवणानंतर तनूरा झाला. हा मूळचा इजिप्तचा नाच. दिव्यांनी मढवलेला घेरदार झगा घालून तो माणूस गरगर, गरगर फिरत राहिला आणि थांबला तेव्हा ताठ उभा. त्याच्याकडे नुसतं बघून मला खुर्चीचा हात धरावा लागला.

परतताना रस्त्याला लागेपर्यंत पुन्हा थोडी वाळू होती. मी मुकाट्याने तिसऱ्या रांगेत चढलो. बायको मात्र मधल्या रांगेत गेली नाही. तिने साडूंना सांगितलं, “भाऊजी, मी पुढे बसते.” साडूंना हे अपेक्षित नव्हतं. ते माझ्या शेजारी येऊन बसले, कारण परदेशी तरुणाने तोवर मधली जागा पटकावली होती. पहिल्याच उंचवट्याला साडूंनी माझा हात धरला. सुभाषित सुचलं नाही.

पुढे बायकोचा ड्रायव्हरशी संवाद चालू होता. गिअर कधी खाली आणायचा, माथ्यावर पाय कुठे ठेवायचा, गाडी घसरायला लागली तर चक्र कोणत्या बाजूला फिरवायचं. तोही मोठ्या हौसेने सांगत होता. डांबर आल्यावर ती मागे वळली आणि साडूंना विचारलं, “इथे आपलं लायसन्स चालतं का हो?”

साडूंचा रंग अजून परतला नव्हता. “पर्यटकांना आंतरराष्ट्रीय परवाना लागतो,” ते क्षीण आवाजात म्हणाले.

“तो मिळायला खूप खटपट असते,” मी घाईघाईने म्हणालो. “महिनोन्महिने जातात.”

“छे हो,” साडू म्हणाले. कोणी काही चुकीचं बोललं की त्यांच्या अंगात बळ येतं. “कागदपत्रं नीट असली की काहीच खटपट नाही. मी सांगतो ना काय काय लागतं ते.”

बायकोने पर्समधून पेन काढलं.