तुमच्या मावशीचे पैसे आणि बंदीची मागणी

नमस्कार,

नव्या धर्मपंथांना सरसकट ‘कल्ट’, म्हणजे माणसांना नादी लावणारे घातक पंथ, म्हणू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत: तुमच्या मावशीने राहतं घर विकून सगळा पैसा एका पंथाला दिला, आता ती तुमच्या आईशीही बोलत नाही, तिला ब्रेनवॉश केलंय, असल्या पंथांवर बंदीच हवी, आणि मी जपानमधल्या ओम शिनरिक्यो या खुनी पंथाचं नावसुद्धा घेतलं नाही.

ओमबद्दल तुमचं बरोबर आहे. ते टाळून या विषयावर लिहायला नको होतं, म्हणून आधी तेच.

जपानमध्ये ओमला धार्मिक संस्था म्हणून मान्यता मिळाली ऑगस्ट १९८९ मध्ये. पंथात गेलेल्या मुलांच्या आईबापांची बाजू लढवत होते वकील त्सुत्सुमी साकामोतो. त्याच नोव्हेंबरात एका रात्री ते, त्यांची पत्नी आणि जेमतेम वर्षाचा मुलगा घरातून नाहीसे झाले. घरात ओमचा एक बिल्ला पडलेला सापडला. एवढा धागा हाती असूनही तपास रेंगाळला. टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओमने सारिन हा विषारी वायू सोडला २० मार्च १९९५ ला, आणि ओमच्याच लोकांनी मारलेल्या साकामोतो कुटुंबाचे मृतदेह मिळाले त्याच्याही नंतर, सप्टेंबरात. तो बिल्ला माझ्या डोक्यातून जात नाही. त्या तिघांसाठी पंथबंदीचा कायदा लागत नव्हता. खुनाचा कायदा होताच, तो वेळेवर वापरायला हवा होता.

आता बंदी घातली की काय होतं ते बघा. एप्रिल २०१७ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाला अतिरेकी ठरवलं. त्यानंतर तुरुंगात गेले ते घरात जमून बायबल वाचणारे लोक. याच पंथातली तीन भावंडं १९८५ मध्ये केरळच्या एका शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी रोज उभी राहत होती, सगळ्यांसारखी, अदबीने. फक्त गात नव्हती. देवाखेरीज कुणाचं स्तवन गायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मला तो निकाल आजही मोलाचा वाटतो. त्या मुलांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

आणि याच पंथाचे लोक रक्त चढवून घेत नाहीत. सज्ञान माणसाने स्वतःपुरता नकार दिला तर तो त्याचा हक्क आहे. पण लहान मुलाचा जीव जात असेल तर कोर्टाने मध्ये पडलंच पाहिजे, आणि अनेक देशांतली कोर्टं पडतातही. पंथ एकच, त्याची एक गोष्ट जपायची, दुसरी अडवायची. ‘कल्ट’ हा शब्द वापरला की हा फरक करायची गरजच उरत नाही, म्हणून मला तो नको असतो.

ब्रेनवॉशबद्दल थोडक्यात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडन परिसरात युनिफिकेशन चर्च या कोरियातून आलेल्या पंथाच्या शिबिरांना गेलेल्या हजारेक जणांचा माग काढला. दहातले नऊ त्या पंथात गेलेच नाहीत, आणि गेलेल्यांतले बहुतेक दोनेक वर्षांत बाहेर पडले. दबाव असतो, फसवणूकही असते. पण माणसाची अक्कल कायमची गहाण पडते असं दिसत नाही. तुमच्या मावशीबद्दल आशा धरायला मला हे पुरेसं वाटतं.

पैशांचं दुखणं मात्र खरं आहे, आणि त्यावर उपाय निघू शकतो. याच युनिफिकेशन चर्चने भीती घालून देणग्या उकळल्याच्या तक्रारींनंतर जपानने डिसेंबर २०२२ मध्ये अशा वसुलीविरुद्ध कायदा केला. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तिथली संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. त्यांचा देव कोण, हे न्यायालयाने तपासलं नाही. लोकांकडून पैसे कसे काढले, ते तपासलं.

म्हणून विचारते: मावशीला घर विकायला कुणी सांगितलं? काही अनिष्ट घडेल अशी भीती घातली होती का? पैसे कुणाच्या खात्यात गेले, कागद आहेत का? असतील तर ते घेऊन वकिलाकडे जा. आणि आईला सांगा, फोन लावत राहा. पंथाचा विषय काढू नका, गुरूला नावं ठेवू नका. जेवलीस का, गुडघा कसा आहे, एवढंच विचारा. उद्या मावशीला तिथून निघावंसं वाटलं, तर आईचा हा नंबर तिच्याकडे असायला हवा.