रिठ्याचं पाणी आणि उलटे पडलेले खवळे

पावसाच्या तोंडावर आमच्या वाडीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. 'पाण्यातल्या गोगलगायींमुळे गुरांना नि माणसांना रोग होतात. रिठे उकळून ते पाणी पऱ्ह्यात (ओढ्यात) सोडा, गोगलगायी मरतील, रोग मुळासकट जाईल. नैसर्गिक आहे, मासळीला काही होत नाही. आफ्रिकेने असाच रोग संपवला.' खाली एका गोगलगायीचा फोटो.

आधी फोटोचंच बोलतो. ती मोठी आफ्रिकन गोगलगाय, जमिनीवरची. पावसात पपईच्या बुंध्याशी सापडते ती. पऱ्ह्यातल्या पाण्याशी तिचा संबंध नाही. गुरांच्या यकृतात चपटे कृमी होतात ते लिम्निया या पाण्यातल्या गोगलगायीमुळे. नखाएवढी, पातळ कवचाची, दगडाखाली चिकटलेली असते ती. गुहागर तालुक्यातल्या गिमवीत कृमींमुळे लघवीतून रक्त जाण्याचा रोग गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ साली नोंदवला. तिथे संशय गेला तो फेरिसिया या गोगलगायीवर. टोपीसारखी, जेमतेम काही मिलिमीटरची. ओळखायला भिंग लागतं. फोटोतली तर पायरीवरूनही दिसेल.

रिठ्याने गोगलगायी मरतात हे मात्र खरं. फेस आणणारं सॅपोनिन त्यांना सोसत नाही. काजूच्या टरफलातल्या तेलातही तशीच ताकद आहे. बिया सोलताना बोटं भाजतात तेच तेल, त्यातलं अॅनाकार्डिक आम्ल. वनस्पतीने गोगलगाय मरते का, यावर भांडण नाहीच.

भांडण आहे 'मासळीला काही होत नाही' या वाक्यावर. अहो, आपल्याच आजोबा-पणजोबांनी रामेठ्याची साल आणि गेळ्याची फळं ठेचून कोंडीत टाकली ती मासे पकडायलाच ना? आणि रामेठा नैसर्गिक नव्हता का? सॅपोनिन कल्ल्यांवर बसतं आणि मासा पाण्यातच गुदमरतो. कोळंबीच्या तलावात चहाच्या बियांची पेंड टाकतात ती नेमकी याचसाठी: मासे मरावेत, कोळंबी राहावी.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांनी हा प्रयोग केला. त्यांच्या पाड्याच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं, यकृतातल्या कृमींची ती खूण; काका मेसेजवर विसंबले. तांब्याच्या हंड्यात रिठे उकळून आटलेल्या पऱ्ह्याच्या डबक्यात ओतले. आधी फेस. मग खवळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, दुपारपर्यंत उलटे पडले. झिंगे मात्र तळाशी फिरत होते. आणि गोगलगायी? बऱ्याच मेल्या. काही पाण्याच्या रेषेच्या वर, दगडावर चढून बसल्या होत्या. मी वाकून पाहिलं तर दगडाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे लिबलिबीत पुंजके तसेच.

'मुळासकट' तिथेच संपतं. अंडी त्या बुळबुळीत आवरणात बऱ्यापैकी सुरक्षित असतात. या गोगलगायी उभयलिंगी, एक वाचली तरी नवा संसार उभा करते. वाहत्या पऱ्ह्यात ओतलंत तर औषध खालच्या वाडीला जातं. शिवाय कृमी काय फक्त गोगलगायीत असतात? ते गाईच्या यकृतात बसलेले आहेत. शेणातून अंडी पाण्यात, अंड्यातून निघालेलं पिल्लू गोगलगायीत, तिथून बाहेर पडलं की पाण्याकाठच्या गवताला चिकटून गुराची वाट बघतं. चिकटून बसलेल्याला आज गोगलगाय मेल्याने काय फरक पडणार? गुरांना कृमीचं औषध देणं आणि डबक्याकाठचं ओलं गवत टाळणं, हे त्या साखळीत खरं बसतं. गिमवीसारख्या रोगात माणसाला प्राझिक्वांटेल द्यावं लागतं, रिठा नाही.

राहिलं आफ्रिकेचं. अकलिलू लेम्मा या इथिओपियन शास्त्रज्ञांना १९६४ मध्ये इथिओपियात अडवाजवळ दिसलं की बायका एंडोडच्या फळांनी कपडे धुतात तिथे खाली गोगलगायी मरून पडतात. सुंदर निरीक्षण, पुढे वर्षानुवर्षं काम झालं. पण एंडोडनेही तिथला, गिमवीसारखाच गोगलगायींतून येणारा कृमींचा रोग संपला नाही; तो इथिओपियात आजही आहे. आणि एंडोडचं झाड वेगळं, रिठ्याचं वेगळं. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच हंड्यात उकळलीत.

काकांचा पाडा? गोगलगायी मेल्या तरी जबड्याखालची सूज तशीच होती. पंधरा दिवसांनी पशुवैद्यांनी तोंडातून औषध पाजलं, मग उतरली. डबक्यात पहिल्या पावसापर्यंत खवळे दिसले नाहीत.