आयतं मिळालं म्हणे

सकाळी चहा घेताना आमच्या इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांचा मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं. नाव लिहीत नाही, कळायचं त्यांना कळेल. विषय चालला होता टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांचा, त्यावरून कुणीतरी टेक्ससमधल्या त्या प्रसिद्ध फोर सिक्सेस रँचचं काढलं, मी सहज लिहिलं की ती आधी एका बाईची होती, ॲन मॅरियन. तर काका लगेच, "हां, पण आयतं मिळालेलं ना. पणजोबाची कमाई." खाली ते हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड. त्यावर सात जणांचे अंगठे.

सात! त्यातल्या पाच जणांची गावाकडची जमीन बापाच्या नावावरून सरळ त्यांच्या नावावर आलीय हे मला पक्कं माहितीय. तो वारसा हां, ते आयतं नाही. बाईला मिळालं की आयतं.

ऑफिसचं लॉगिन राहिलंय, राहू दे.

2019 च्या एप्रिलमध्ये आप्पा, माझे वडील, आमच्याकडे डॅलसला आले होते. मॉल दाखवले, नासा दाखवलं, माणूस कंटाळून गेलेला. अकलूजच्या घोडेबाजारात आयुष्य गेलेला माणूस तो, त्याला एस्कलेटरचं काय कौतुक. मग एका शनिवारी नवऱ्यानं गाडी काढली आणि आम्ही गथ्रीला गेलो, ती रँच तिथलीच. साडेतीन-चार तासांचा रस्ता, गाव म्हणजे काय तर दोन हायवे एकमेकांना छेदतात तिथं शाळा, कोर्ट आणि रँचचं एक दुकान. बाकी चहूकडे लाल माती आणि गवत. हायवेच्या कडेला तारेपलीकडे घोड्या चरत होत्या, बरोबर शिंगरं. आप्पा म्हणाले गाडी थांबव.

तारेला दोन्ही हात लावून उभे राहिले. पहिल्यांदा खूर बघितले, मग पुढचे गुडघे, मग मान वाकडी करून कपाळावरचे आणि गळ्याखालचे भोवरे मोजायला लागले, जसं काही सौदाच ठरवायचाय. डाव्या खांद्यावर एल असा डाग दिसला तर म्हणाले, ह्यो काय? म्हटलं ह्यांच्या घोड्यांची खूण आहे ती, गुरांना चार वेळा सहा. (जुगारात चार छक्के पडले आणि रँच जिंकली ही गोष्ट तिथं सगळे सांगतात. थाप आहे. बर्क बर्नेटनं, म्हणजे काकांच्या त्या पणजोबानं, 1868 मध्ये शंभर गुरं विकत घेतली, त्यांच्यावर तो डाग आधीच होता.)

"मालक कोन?" आप्पांनी विचारलं.

म्हटलं एक बाई आहे, ऐंशी वर्षांची. तेव्हा ती हयात होती. येताना गाडीत फोनवर वाचलं होतं तेच सांगत बसले. बर्क बर्नेट 1922 मध्ये वारला, त्याला मुलगा होता, मोठा, कर्तासवरता. तरी म्हाताऱ्यानं इस्टेटीचा मोठा भाग नातीकडे दिला, तोही विश्वस्त ठेवून, नातीला पुढं जे मूल होईल त्याच्यासाठी. ते मूल जन्मलं 1938 मध्ये आणि मुलगी निघाली. तीच ही ॲन.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोटातबी नसलेल्या पोरीला लिवून दिलं?"

आणि तारेकडं बघतच, "आक्का असती तर आत शिरली असती."

आक्का म्हणजे माझी मोठी आत्या. अकरा-बारा वर्षांची असताना खोगीर न टाकता घोडी विहिरीवर न्यायची, नुसत्या आयाळीला धरून. बाजारात आजोबा तिला बरोबर न्यायचे कारण खोडीचं जनावर तिला लांबून कळायचं. सोळाव्या वर्षी लग्न झालं, सासरी शेळीसुद्धा नव्हती. 1996 मध्ये आप्पा तिला घेऊन तालुक्याला गेले आणि हक्कसोडपत्रावर, म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, तिची सही घेतली. हिरवी इरकल आणली तिला. मी सोबत होते, आठवीत. सही करताना तिनं एकच विचारलं, "चांदणी इकली का रं?" चांदणी म्हणजे आमची घोडी. विकली होती. आक्कानं सही केली आणि रसवंतीवर आम्हाला रस पाजला, तिच्या पैशानं.

तर काका, आयतं.

आयतं मिळालं हे खरंय, मान्य. 1921 मध्ये त्यांच्या जमिनीत तेल निघालं, त्या पैशावर काय काय करता येतं हेही मान्य. आणि ती जमीन मुळात कोमांची लोकांची हेही खरंय, पण ते तुम्हाला पणजोबाच्या वेळी नाही आठवलं, पणतीच्या वेळी आठवणार.

पण मिळाल्यावर काय केलं ते बघा की. लहानपणी उन्हाळे तिनं रँचवर काउबॉय लोकांत काढले, घोडा त्यांनीच शिकवला. वडील जिम हॉल क्वार्टर हॉर्स असोसिएशन काढणाऱ्यांतले, 1940 ची गोष्ट. क्वार्टर हॉर्स म्हणजे पाव मैलात सुसाट सुटणारा, गुरांच्या कामाचा घोडा. आई 1980 च्या पहिल्याच दिवशी गेली आणि सगळं हिच्या अंगावर पडलं: रँचेस, तेलाची कंपनी, फाउंडेशन. विकून युरोपात फिरत बसता आलं असतं. त्याऐवजी 1982 मध्ये तिथं ग्लेन ब्लॉजेट हा डॉक्टर घोड्यांचं बघायला आला, पैदाशीचा मोठा धंदा उभा राहिला, डॅश फॉर कॅशसारखा शर्यतीचा वळू घोडा त्यांच्याकडे होता. 1993 मध्ये असोसिएशननं कामाच्या घोड्यांच्या उत्तम ताफ्याचं बक्षीस दिलं, ते ह्यांना. तिथं त्या ताफ्याला रेमुडा म्हणतात. बक्षीस शोभेच्या घोड्यांचं नव्हे बरं का, रोज राबणाऱ्या घोड्यांचं.

आणि हीच बाई फोर्ट वर्थला तादाओ आंदो ह्या जपानी आर्किटेक्टकडून आर्ट म्युझियमची इमारत उभी करायला पुढं होती, 2002 मध्ये उघडली. सांता फेचं चित्रकार जॉर्जिया ओकीफचं म्युझियम तिनं आणि नवऱ्यानं काढलं, 1997 मध्ये. आप्पांना आम्ही ते फोर्ट वर्थचं दाखवलं होतं. आतली चित्रं त्यांना समजली नाहीत (मला तरी कुठं), पण बाहेरच्या तळ्याकाठी बसून म्हणाले, पानी चांगलं धरलंय.

फेब्रुवारी 2020 मध्ये ती गेली, 81 वर्षांची होऊन. आणि आता काका म्हणतील तेही मीच सांगते: मृत्युपत्रात तिनं रँच विकायला सांगितलं. तिला मुलगी होती, तरी. 2 लाख 66 हजार एकर बाजारात आली, टीव्हीवरच्या काउबॉय मालिका काढणाऱ्या टेलर शेरीडनच्या गटानं घेतली. हे वाचलं तेव्हा मी चिडले होते, खरंच, घरातलं कुणी फसवावं तशी. पणजोबानं न जन्मलेल्या पोरीसाठी राखलं आणि हिनं मोडून टाकलं? नंतर वाटलं, तिचं होतं. विकायचं की ठेवायचं हे ठरवण्याइतकं तिचं होतं. आक्काकडे ठरवायला होतं काय? साडी नेसायची की घडी ठेवायची एवढंच.

आता मोठ्या तोंडानं बोलतेय तर पुढचंही लिहिते, नाहीतर काकांना हसायचा हक्क मला नाही. त्याच 2019 च्या डिसेंबरमध्ये मी भारतात गेले आणि दादासाठी हक्कसोडपत्रावर सही करून आले. हो, मीच. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच वाटा देणारा 2005 चा कायदा मला पाठ आहे, महाराष्ट्रानं 1994 मध्येच काय केलं तेही पाठ आहे, इथं महिला दिनाला मी त्यावर बोललेय. कुणी जबरदस्ती केली नाही. "तुला तिथं काय कमी आहे" एवढंच सगळे प्रेमानं म्हणत होते आणि मला वाद नको होता. पैठणी मिळाली. अजून घडी मोडली नाही.

आप्पा आत आले नाहीत. रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून राहिले. मी बाहेर आले तर म्हणाले, रस घेऊ चल. डिसेंबरमध्ये रसवंती कुठली उघडी.

गथ्रीचा फोटो टाकतेय. आप्पा पाठमोरे आहेत, तारेतून हात आत घातलाय, घोडी दहा फुटांवर उभी राहून कान टवकारून बघतेय. जवळ आली नाही ती. आप्पा अर्धा तास तसेच उभे होते.

आप्पांना आता बारीक अक्षर दिसत नाही, माझ्या पोस्टी दादा वाचून दाखवतो. दादा, ही पण दाखव. मधलं गाळू नकोस.