एखादी बटालियन विसरायची असेल तर

कुणाची युद्धातली सेवा विसरायची असेल तर घाई करू नका, हे काम निवांत करायचं असतं. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची टपालं वाटणाऱ्या आपल्या सिक्स ट्रिपल एट (६८८८) या बायकांच्या बटालियनचं काय केलं तेवढं बघा आणि डिट्टो तसंच करा.

आधी काम असं द्या की ज्यात हिरोगिरीचे फोटो येणार नाहीत. १९४५ चा फेब्रुवारी, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, गारठलेली गोदामं, ब्लॅकआउटमुळे काळ्या केलेल्या खिडक्या, आत सैनिकांच्या पत्रांचे नि पार्सलांचे डोंगर आणि घरून आलेल्या केकवर उंदरांची चंगळ. मेजर चॅरिटी अ‍ॅडम्सच्या हाताखाली साडेआठशेच्या आसपास बायका, जवळपास सगळ्या काळ्या, त्यांना सांगायचं की सहा महिन्यांत उपसा हे सगळं. आता त्या तीन पाळ्या लावून, रविवारसुद्धा न सोडता, सैनिकांच्या नावापत्त्याची ७० लाख कार्डं तयार करून (नुसते रॉबर्ट स्मिथच ७५०० होते, वाटा आता पत्रं!) तीन महिन्यांत ढीग संपवतील. तरी डगमगू नका. 'पत्रंच तर वाटली, गोळी कुठे झाडली' एवढं पाठ करून ठेवा. आघाडीवरच्या पोराला महिनोन्महिने घरचं अक्षर दिसलं नव्हतं असं कुणी म्हणालंच तर विषय बदला.

लंडनमध्ये त्यांच्यासाठी रेड क्रॉसचं गोऱ्यांपासून वेगळं हॉटेल काढा, 'खास तुमच्याचसाठी' म्हणून. त्यांनी तिथे पाऊल ठेवायला नकार दिला की यांना कशाचं कौतुकच नाही म्हणायला आपण मोकळे. फ्रान्सला गेल्यावर जुलैमध्ये जीपच्या अपघातात तिघी गेल्या ना, त्यांच्या अंत्यविधीसाठी मैत्रिणींनाच वर्गणी काढू द्या. १९४६ ला घरी आल्या की परेड बिरेड काही नको, गुपचूप बटालियन बरखास्त.

पुढचा भाग सगळ्यात सोपा, नुसतं थांबायचं. काँग्रेशनल गोल्ड मेडलचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या सुवर्णपदकाचा, कायदा २०२२ मध्ये आणि समारंभ २०२५ मध्ये, तोवर हयात असलेल्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, खुर्च्यांचा खर्चही वाचतो.

आणि फारच ओरड झाली तर लष्करी तळाला नाव देऊन टाका. व्हर्जिनियातल्या फोर्ट लीचं २०२३ मध्ये फोर्ट ग्रेग-अ‍ॅडम्स केलं (त्यातलं अर्धं नाव याच मेजर चॅरिटींचं), २०२५ मध्ये परत फोर्ट ली. पण यावेळी म्हणे अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेला जनरल ली नाही, फिट्झ ली नावाचा दुसराच सैनिक, तोही काळा, शौर्यपदकवाला. करा आता तक्रार!