तूट निघाली म्हणजे सगळी चोरीच नव्हे

दुकानाच्या वार्षिक स्टॉक मोजणीत निघालेली अख्खी तूट एका लेखात चोरांच्या नावावर टाकली आहे. ते पटलं नाही. पुस्तकी (नोंदीतला) साठा आणि प्रत्यक्ष साठा यांच्या फरकात चोरी असतेच, पण सोबतचं चलन (मालाची यादी) न तपासता उतरवलेला माल, नोंदवायची राहिलेली मोडतोड आणि काउंटरवरची घाईही असते. एकाच किमतीचे तीन वासांचे साबण घ्या. गिऱ्हाईक प्रत्येकी एक घेतं, कॅशियर एकच स्कॅन करून ३ दाबतो. बिल बरोबर, गल्ला बरोबर. मोजणीत मात्र एक वास २ ने जास्त, बाकीचे दोन १-१ ने कमी. नुसती तुटीची यादी काढली की झाली 'चोरी'! आधी शेजारशेजारचे जास्त-कमी जुळवून बघा.

माणसं कमी असतील तर गोदाम आधीच मोजून खोकी सील करा. चिठ्ठीवर मालाचा कोड, नग, तारीख, सही. सील फुटलं की ते खोकं पुन्हा मोजायचं. खोक्यावर २४ छापलंय म्हणून २४ लिहायचे आणि आत १९, हा घोळ तर नेहमीचाच. फेरमोजणी करणाऱ्याला आधीचा आकडा दाखवू नका. थकलेला माणूस तोच उतरवतो. आणि रॅकमागे सापडलेली रिकामी पाकिटं, तोडलेले टॅग झाडून टाकू नका, कोडनिहाय लिहून ठेवा. चोरीचा हिशेब खरा तिथून लागतो.

मोजणाऱ्यालाच मधेमधे काउंटरवर बोलावणार असाल, तर मोजणी पुढे ढकला.