दोन बेटं एकाच शाईत छापू नका

गेले चार महिने ऑफिस सुटलं की मी डब्लिनमधल्या एका सामायिक प्रिंट स्टुडिओत तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरत बसते. एक आयर्लंडचा, एक कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटाचा. एचिंगमध्ये अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. 'किन्सेल' हे नाव मी असं दोनदा कोरलं. एकदा आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, एकदा मॉन्टसेरातच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर. दुसऱ्यांदा कोरताना हात थांबला. हे नाव तिथे कुणी नेलं, आणि तिथे उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांना ते कुणी विचारून दिलं होतं?

आपल्याकडे राजे जमीन दान द्यायचे ती ताम्रपटावर कोरून. इथेही जमिनीचा आणि तांब्याचा संबंध तसाच आहे, फक्त इथे दान नव्हतं. 1649 मध्ये इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल फौज घेऊन आयर्लंडमध्ये उतरला. कॅथलिकांच्या जमिनी जप्त झाल्या, आणि त्या सैनिकांना, सावकारांना वाटायच्या तर आधी मोजायला हव्यात, म्हणून 1656 ते 1658 मध्ये विल्यम पेटीने मोजणी केली. साखळ्या ओढायला सैनिकच होते. 1641 साली कॅथलिकांकडे निम्म्याहून जास्त जमीन होती, 1680च्या दशकाअखेर चौथा हिस्साही उरला नाही. पेटीने 1685 साली तांब्यावर कोरलेला आयर्लंडचा अख्खा नकाशासंग्रह छापला. स्वतःला केरी परगण्यात जमीन मिळवली ती वेगळीच.

त्याच मोजणीच्या काळात, 1657 साली, लंडनमध्ये रिचर्ड लिगन या इंग्रज लेखकाचा, कॅरिबियनमधल्याच बार्बाडोस बेटाचा नकाशा छापला गेला. तो जरूर मोठा करून बघा. किनाऱ्यालगत मळेवाल्यांची नावं दाटीवाटीने बसवली आहेत. मधे दहा हजार एकरांचा पट्टा लंडनच्या व्यापाऱ्यांचा म्हणून लिहिलाय. आणि एका कोपऱ्यात घोडेस्वार पळून चाललेल्या दोन गुलामांच्या मागे लागलाय. मालकांना नावं आहेत, त्या दोघांना नाही. माझी नजर दर वेळी तिथेच जाते.

माझं पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीची छपाई, एकाच पत्र्यावरचं होतं. आयर्लंड आणि मॉन्टसेरात, दोन्ही बेटं एकमेकांवर, एकाच लाल शाईत. दिसायला फार सुंदर झालं होतं. पण ते खोटं होतं. आयरिश माणसांना जबरदस्तीने बार्बाडोसला धाडलं गेलं, ती करारावर राबली, अनेक जण तिथेच मेली, हे खरंच आहे. त्यावरून 'आयरिशसुद्धा गुलामच होते' असं इंटरनेटवर सर्रास फिरतं, आणि त्याचा वापर बहुतेक वेळा काळ्या माणसाचं तोंड बंद करायला होतो. बार्बाडोसच्या सभेने 1661 मध्ये नोकरांसाठी एक आणि गुलामांसाठी दुसरा असे दोन कायदे केले. नोकराचा करार कधीतरी संपायचा. गुलामाची मुलंही गुलाम जन्मायची.

मॉन्टसेरातवर तर 1678च्या गणतीत गोऱ्यांमध्ये बहुसंख्य आयरिश होते, आणि त्यांच्यातलेच काही मळ्यांचे मालक झाले. गॅलवेज, रायलीज, फॅरेल्स ही तिथली ठिकाणांची नावं आयरिश आडनावंच आहेत. 17 मार्च 1768ला, मालक मंडळी सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या सणात दंग असतील हे हेरून, गुलामांनी उठावाचा बेत केला. तो फुटला, पुढाऱ्यांना मारलं गेलं. आज त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, सण आणि उठाव दोन्हींची आठवण एकत्र निघते. पासपोर्टवरच्या शिक्क्यात शॅमरॉकचं, म्हणजे आयर्लंडची खूण असलेलं तीन पाकळ्यांचं पान असतं. इथे डब्लिनमध्ये ते पान कौतुकाने दाखवलं जातं, 1768चं नाव मात्र क्वचितच कुणी काढतं. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून आता दोन पत्रे केलेत. ज्याची जमीन गेली आणि ज्याने दुसऱ्याच्या घामावर जमीन पिकवली, ती माणसं एकाच गावची, कधी एकाच घरातलीही असू शकतात. ते दाखवायचं तर रेषा जुळल्या पाहिजेत, शाया वेगळ्या राहिल्या पाहिजेत. जुळणी एका केसाने चुकली तरी किन्सेलवर किन्सेल बसत नाही.

मॉन्टसेरातचा दक्षिण भाग 1995 पासूनच्या ज्वालामुखीने गिळलाय. राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, किन्सेल आणि सेंट पॅट्रिक्स ही गावं रिकामी झाली. त्या भागासाठी तिसरा पत्रा ठेवलाय, त्याला शाई लावणार नाही. प्रेसखाली कागद दाबला की नुसता उठाव येईल, बोट फिरवलं तरच कळेल. शनिवारी कागद भिजत घालणार आहे.